पट्ट्याची कड आणि हिरड्याचा तुरटपणा

कमरेचा पट्टा काढून हातात घ्या आणि त्याची कड पाहा. वरचा रंग, नक्षी, बक्कल यांकडे तूर्त लक्ष देऊ नका. कड म्हणजे चामडे कापल्यावर उघडी पडलेली त्याची जाडी. ती कधी गुळगुळीत आणि चकचकीत असते. कधी तिच्यावर रंगाचा जाडसर थर चढवलेला असतो. कधी चामडे आत दुमडून शिवलेले असते आणि कड दिसतच नाही. स्वस्तातल्या पट्ट्याच्या कडेतून मात्र पिंजल्यासारखे तंतू बाहेर येतात किंवा दोन पातळ पापुद्र्यांमध्ये पुठ्ठ्यासारखा भराव घातलेला आढळतो. वरून कितीही सजवले तरी आत काय आहे ते कड सांगून टाकते.

काही शाळांत कार्यानुभवाच्या तासाला चामड्याच्या पुस्तकखुणा, किल्ल्यांची अडकवणी, लहान पाकिटे करून घेतात. कापणे आणि शिवणे जमले तरी कडेशी गाडी अडते. “पाणी लावून घासा,” असे सांगितले की एका मुलाची कड पाच मिनिटांत चमकू लागते आणि शेजारच्या मुलीची अर्धा तास घासूनही केसाळच राहते. मग तिचा हात नीट बसलेला नाही, असा शेरा मिळतो. आमच्या मते बहुतेक वेळा हा शेरा अन्यायाचा असतो. दोष हाताचा नसतो, दोघांना मिळालेले तुकडे निराळ्या रीतीने कमावलेले असतात. ही रीत समजली की कडेचे काम कसे करायचे हेही आपोआप समजते.

तीन पेडांची वेणी

जनावराच्या कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन हे प्रथिन. त्याच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या गुंफलेल्या असतात. ही तीन पेडांची रचना मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली मांडली. अशा असंख्य रेणूंचे धागे, धाग्यांचे तंतू आणि तंतूंच्या जुड्या होतात. या जुड्या कातड्यात सर्व दिशांना एकमेकींत गुंतलेल्या असतात. केसांच्या बाजूला ही वीण बारीक आणि घट्ट, मधल्या थरात जाड आणि मांसाच्या बाजूला सैल असते. चामडे आडवे कापले की या जुड्यांची तुटलेली टोके कडेवर उघडी पडतात. दोर कापल्यावर त्याचे टोक पिंजते, तसाच हा प्रकार.

कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर पुठ्ठ्यासारखे कडक होते. पाण्यात सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला त्याच्या वेण्या सुटू लागतात आणि ते आक्रसते. आणखी उकळत ठेवले तर त्याचा सरस होतो. हे होऊ नये म्हणून कोलॅजेनच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकणे म्हणजे कातडे कमावणे. बांधण्याच्या रीती अनेक आहेत, पण आपल्याला येथे दोन पुरेत.

पहिली झाडांच्या सालीची. हिरडा चघळला की जीभ खरखरीत होते, तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा नाहीसा होतो. हिरड्यातील टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करते, त्याचा हा अनुभव. तुरटपणा तो हाच. वर्गात दाखवायचे असेल तर कोमट पाण्यात थोडे जिलेटिन विरघळवून त्यात हिरड्याचा गाळलेला काढा घालावा. मिश्रण लगेच गढूळ होते. कातड्यातही टॅनिनचे मोठे रेणू कोलॅजेनला हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि तंतूंमधल्या जागा भरून काढतात. तयार चामड्याच्या वजनात या टॅनिनचा मोठा वाटा असतो, म्हणून ते भरीव आणि दणकट लागते.

कोल्हापुरी चपलांचे पारंपरिक चामडे असेच तयार होते. कातड्याची पिशवी शिवायची, तीत बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरायचे आणि ती टांगून ठेवून पाणी झिरपू द्यायचे. कमावण्याचे हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केले आणि वहाणा-जोडे करण्याचे चर्मकार समाजाने. कातडे कशाने कुजत नाही, कशाने दणकट होते, हे त्यांना हाताने ठाऊक होते. शालेय पुस्तकांत हे रसायनशास्त्र आले नाही, कारण ज्यांच्या हाती ते होते त्यांना फार काळ शाळेच्या आत घेतलेच जात नव्हते.

दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली तिचे पेटंट घेतले आणि पुढे तिने जग व्यापले. सालीने जे काम व्हायला आठवडे, कधी महिने लागतात, ते क्रोमने दिवसा-दोन दिवसांत होते. आज जगातले बहुतांश चामडे क्रोमचे आहे. क्रोमियम कोलॅजेनच्या साखळ्यांना थेट आणि घट्ट जोडते, पण प्रमाणाने ते अगदी थोडे लागते. त्यामुळे तंतूंमधल्या जागा भरल्या जात नाहीत. चामडे मऊ, हलके आणि लवचिक होते, पाणी आणि उष्णता यांना दाद देत नाही. पिशव्या, बुटांचे वरचे भाग, कपडे यांसाठी हेच गुण हवे असतात. कडेच्या कामात मात्र तेच आड येतात.

कड घोटणे

या कामाला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे : घोटणे. जुन्या पोथ्यांचा हातकागद गुळगुळीत दगडाने घोटत असत, म्हणजे त्याचे तंतू दबून बसत आणि शाई फुटत नसे. कडेचे तत्त्व तेच.

सालीने कमावलेले, निदान दोन मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे. धारदार रापीने किंवा पात्याने, पट्टी धरून, शक्यतो एकाच ओढीत सरळ उभे कापावे. बोथट पाते तंतू कापत नाही, ओढून तोडते, आणि ही चूक पुढे कितीही घासून पुरती जात नाही. दोन थर चिकटवून शिवले असतील तर डिंक पक्का वाळू द्यावा आणि मग दोन्ही कडा एकत्र पॉलिश पेपरने समपातळीत आणाव्या. आधी २२० नंबरचा, मग ४०० आणि शेवटी ६०० नंबरचा कागद. चामड्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये. ती कर्करोगकारक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, म्हणून नाकातोंडावर कापड बांधून, उघड्यावर आणि थोडेसेच घासावे. हे काम लहान मुलांना देऊ नये.

यानंतर वरचा आणि खालचा कोपरा रापीने हलका तासून गोलसर करावा. ही पायरी अनेक जण गाळतात, आणि वस्तू घरगुती दिसते ती मुख्यतः त्यामुळेच. काटकोनी कोपऱ्यावरच्या तंतूंना एका बाजूने आधार नसतो. हाताळताना ते आधी सुटतात आणि मग सगळी कड उसवल्यासारखी होते. रंग द्यायचा असल्यास तो याच वेळी द्यावा, घोटल्यानंतर तो आत मुरत नाही.

आता कापसाच्या बोळ्याने कडेला पाणी लावावे. कड दमट व्हावी, भिजून थबथबू नये. पाण्याने कोलॅजेन किंचित फुगते, मऊ होते आणि तंतू वाकवले तसे वाकतात. मग जाड खादीच्या तुकड्याने किंवा कडेच्या जाडीची खाच पाडलेल्या गुळगुळीत लाकडी दांडीने घासावे. हात भराभर चालवावा, पण जोर हलका ठेवावा. जोर जास्त झाला तर कड अळंबीच्या छत्रीसारखी दोन्ही बाजूंना पसरते. सुरुवातीला कापड अडखळते, थोड्या वेळाने ते सरकू लागते आणि कड गडद दिसू लागते. तंतू आडवे होऊन एकमेकांना चिकटले, असा याचा अर्थ. पाणी उडून जाताना त्यांच्यात आणि टॅनिनमध्ये नवे हायड्रोजन बंध जुळतात आणि तंतू त्याच जागी पक्के होतात.

पाण्याऐवजी डिंकाचे पातळ पाणी वापरले तर उरलेल्या बारीक फटीही भरतात. बाभळीचा डिंक चालतो. ज्या झाडाच्या सालीने चामडे बांधले त्याच झाडाच्या डिंकाने त्याची कड बसवायची, हा योग आम्हाला फार आवडतो. दोन-तीनदा डिंक लावून घोटल्यावर कोरड्या कडेवर मधमाशांच्या मेणाचा खडा फिरवावा आणि पुन्हा कापडाने जोरात घासावे. हे मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांना वितळते. घर्षणाच्या उष्णतेने ते मऊ होते आणि वरच्या थरात जाते. यंत्राच्या फिरत्या चाकावर घोटताना मात्र सांभाळावे लागते. सालीचे ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आक्रसते. तेवढी उष्णता झाली की कड काळवंडते, कडक होते आणि वाकवल्यावर तडकते.

चमक येते ती पृष्ठभाग सपाट झाल्यामुळे. केसाळ कडेवर पडलेला प्रकाश वाटेल त्या दिशांना विखुरतो, घोटलेल्या कडेवरून तो पुष्कळसा एकाच दिशेने परततो. पण चमक हा दुय्यम लाभ आहे. उघड्या तंतूंमधल्या फटी बारीक नळ्यांसारखे काम करतात आणि केशाकर्षणाने पाऊस-घाम आत ओढतात. एका पट्टीची अर्धी कड घोटून अर्धी तशीच ठेवा आणि दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडून घड्याळ लावा. कच्च्या कडेवरचा थेंब लवकर जिरतो, घोटलेल्या कडेवरचा बराच वेळ टिकून राहतो. घोड्याच्या लगामाची किंवा खोगिराच्या पट्ट्याची कड घोटतात ती यासाठी, आणि जनावराचे अंग घासून सोलू नये यासाठीही.

आता त्या मुलीच्या तुकड्याकडे वळू. क्रोमच्या चामड्याचे तंतू पाण्याने फारसे मऊ होत नाहीत. दाबले तर स्प्रिंगसारखे पुन्हा उठतात, आणि त्यांना एकमेकांना चिकटवणारा टॅनिनचा भरावही मध्ये नसतो. म्हणून घोटणे व्यर्थ. अशा चामड्याची कड रापीने छिलून पातळ करायची आणि आत दुमडून शिवायची, हा उत्तम उपाय. दुसरा उपाय म्हणजे कडेसाठी मिळणारा रंग पातळ थरांनी चढवणे, प्रत्येक थर वाळल्यावर हलका घासून पुढचा देणे. बाजारातल्या बहुसंख्य पर्सांची कड अशीच असते. दिसते छान, पण हा वरून बसवलेला पापुद्रा असल्याने काही वर्षांनी तडकून सुटतो.

तुकडा कोणता ?

कापताच मधला भाग पाहावा. निळसर-करडी पट्टी दिसली तर चामडे क्रोमचे, पिवळसर-तपकिरी असल्यास बहुधा सालीचे. आरपार रंगवलेल्या चामड्यात ही खूण फसवते. जाळून राखेचा रंग पाहा, असेही कोणी सुचवतात. वर्गात हे अजिबात करू नये. जळताना चामड्यातल्या क्रोमियमचे विषारी रूप तयार होऊ शकते.

त्याऐवजी साधे लोखंडी खिळे व्हिनेगरमध्ये दोन दिवस भिजवावे. बाटलीचे झाकण सैल ठेवावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. या द्रावाचा थेंब न रंगवलेल्या तुकड्याच्या मागच्या बाजूला टाकावा. सालीच्या चामड्यावर काही मिनिटांत काळा डाग उमटतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई ज्या अभिक्रियेने काळी होते, तीच ही अभिक्रिया. निव्वळ क्रोमच्या चामड्यावर डाग काळा पडत नाही.

शेवटची कसोटी उकळत्या पाण्याची, ती शिक्षकांनी स्वतः करावी. दोन्ही प्रकारांच्या पाच सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापून कागदावर त्यांची बाह्यरेषा काढून घ्यावी. मग त्या चिमट्याने उकळत्या पाण्यात मिनिटभर धराव्या आणि पुन्हा कागदावर ठेवाव्या. सालीची पट्टी आखडून वळते आणि वाळल्यावर लाकडासारखी होते. नीट कमावलेली क्रोमची पट्टी जवळजवळ आपल्या रेषेतच बसते. एखादा तुकडा लोखंडाच्या द्रावाने काळा पडेल आणि उकळत्या पाण्यात मात्र आखडणार नाही. तो आधी क्रोमने कमावून नंतर त्यावर सालीचा संस्कार केलेला असावा. अशा तुकड्याची कड किती घोटली जाईल हे त्यात टॅनिन किती मुरले आहे यावर अवलंबून असते, म्हणून वस्तू कापण्याआधी उरलेल्या चिंधीवर घोटून पाहावे.