दूध डेअरीला, बी-१२ कमी घरात



पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, थोडं काम केलं की दम लागतो. आपण म्हणतो वय झालं. पण व्हिटॅमिन बी-१२ कमी पडलं तरी असंच होतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर व खेड्यांतले ४४१ पुरुष तपासले (२००६). त्यांतल्या ६७ टक्क्यांना बी-१२ कमी निघालं!

कळण्याची भाकरी, दाळ, मेथी, शेंगदाणे, सगळं चांगलंच. पण बी-१२ कुठलंच झाड बनवत नाही, जिवाणू बनवतात. गाई-म्हशीच्या कोटीपोटातले जिवाणू कोबाल्ट वापरून ते तयार करतात, तेच दुधात उतरतं. म्हणून जनावराच्या खुराकात कोबाल्ट असलेलं खनिज मिश्रण द्या.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे जवळपास अर्धा लिटर दूध. दही-ताकही चालतं. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांना सोपं जातं. शाकाहारी घरात सगळं दूध डेअरीला घालून चहापुरतं ठेवलं, तर बी-१२ येणार कुठून?

शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, किंवा घरात गरोदर बाई असेल, तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासा. मेडिकलवरून परस्पर इंजेक्शन घेऊ नका, नंतरच्या रिपोर्टात कमतरता झाकली जाते. आणि मुंग्या अंगावर काढू नका. उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

– कंपनी कार्यालय, सोनगीर