मुंबईचा १९८२ चा अल्बम, आणि २८ वर्षं उशिरा आलेले श्रोते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. भागात मध्ये मध्ये जे तुकडे वाजवले ते इथे अर्थातच नाहीत. पण अल्बमचं नाव सांगतो, यूट्यूबवर शोधा आणि मागे चालू ठेवून वाचा: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. कलाकार चरणजीत सिंग. रेकॉर्डिंग मुंबईत, साल १९८२.

पहिलं मिनिट ऐकलंत की बहुतेकांची प्रतिक्रिया एकच असते: "हे १९८२ चं? शक्यच नाही." २०१० मध्ये ही रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली, तेव्हा युरोपातल्या जाणकारांनाही तेच वाटलं. अफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकाराने केलेली ही गंमत असावी, अशी शंकाही तेव्हा घेतली गेली. कारण यात जो चिवट, ओला, वळवळणारा बेस आहे, तो जगाने 'ॲसिड हाउस' या नावाने ओळखला तो पाच वर्षांनी. शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपचा 'ॲसिड ट्रॅक्स' हा ट्रॅक रेकॉर्डवर आला १९८७ मध्ये.

त्यामुळे इंटरनेटवर एक वाक्य खूप फिरतं: ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला. ऐकायला भारी वाटतं. पण ते बरोबर आहे का? आजचा भाग त्यावरच आहे. आणि उत्तर हो-नाहीपेक्षा जास्त मजेदार आहे.

आधी माणूस

चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले वादक. गिटार, बेस, कीबोर्ड असं सगळं वाजवायचे. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा मोठ्या संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. बाजूने स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता आणि सिनेमातल्या गाण्यांच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्ड्सही होत्या. म्हणजे ज्यांचं वाजवणं घराघरात पोहोचतं, पण नाव कॅसेटच्या कव्हरवर क्वचितच येतं, अशा लोकांपैकी एक.

१९८० च्या आसपास आपल्याकडे डिस्कोची लाट होती. 'कुर्बानी' १९८० चा, नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' १९८१ चा, 'डिस्को डान्सर' १९८२ चा. सिंग यांना वाटलं, डिस्कोचा ठेका तर सगळेच घेतायत, आपण त्यावर सिनेमाची गाणी न वाजवता राग वाजवू. तबला बंद, ठेका मशीनचा.

तीन मशीन

त्यांच्याकडे जपानच्या रोलंड कंपनीची तीन वाद्यं होती, सिंगापूरहून आणलेली.

पहिलं टीआर-८०८, म्हणजे ड्रम मशीन. यात खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग नसतं, प्रत्येक आवाज सर्किटमधून तयार होतो. समोर १६ बटणं. जिथे ठोका हवा ते बटण दाबायचं. १६ म्हटल्यावर तीनताल आठवला असेल तर थांबा: इथे चार मात्रांचा एक तुकडा असतो आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग, म्हणून १६.

दुसरं टीबी-३०३. ही आपल्या गोष्टीतली नायिका. कंपनीने ती विकायला काढली ती गिटारवादकांना एकट्याने सराव करता यावा म्हणून: बेस वाजवणारा माणूस नसेल तर हा डबा वाजवेल. पण तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा अजिबात नव्हता आणि प्रोग्रामिंग विचित्र होतं. आधी सगळे स्वर ओळीने भरायचे, मग कोणता स्वर केव्हा वाजणार, हे वेगळं भरायचं. म्हणजे ओळीतले शब्द आधी लिहून त्यांच्या मात्रा नंतर ठरवण्यासारखं. वर एका स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जायची सोय, आणि आवाज उजळ किंवा मंद करणारा फिल्टर. डबा फारसा विकला गेला नाही. १९८४ मध्ये उत्पादन बंद.

तिसरं ज्युपिटर-८. एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा मोठा, महाग सिंथेसायझर. रागाची मुख्य सुरावट यावर हाताने वाजवलेली.

आता इंजिनिअर मंडळींसाठी एक मुद्दा. आज कोणतीही दोन वाद्यं जोडायला मिडी वापरतात. मिडी आलं १९८३ मध्ये. म्हणजे हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा ते प्रमाणच नव्हतं. पण रोलंडच्या मशीनना आपापसात जोडणारी स्वतःची एक केबल होती, तिच्यातून फक्त घड्याळाची टिकटिक जायची. ८०८ टिकटिक पाठवणार, ३०३ त्या लयीत चालणार. स्वर कोणता, हे त्या केबलला कळत नाही. लय पक्की, बाकी सगळं माणसाने सांभाळायचं. लॅपटॉप नाही, स्क्रीन नाही, अंडू नाही.

मग हा आवाज शिकागोसारखा का?

इथे खरी गंमत आहे. पाश्चात्य पॉप गाण्यात कॉर्ड बदलत राहतात. कॉर्ड बदलली की बेसलाही बदलावं लागतं. त्यामुळे तोच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारं मशीन अशा गाण्याला अपुरं पडतं.

रागाला ही अडचणच नाही. षड्ज एकदा धरला की शेवटपर्यंत तोच. तानपुरा काय करतो? तोच तुकडा पुन्हा पुन्हा, तासन् तास. म्हणजे आपल्याकडे लूप आधीपासून आहे, फक्त त्याला लूप म्हणत नाहीत. सिंग यांनी तानपुऱ्याच्या आणि तबल्याच्या जागी मशीन बसवलं आणि वर भूपाळी, मालकंस, कलावती वाजवले. भूपाळीत पाचच स्वर. ३०३ मध्ये त्यातलेच दोन-चार स्वर भरले की रागाबाहेर जायचा प्रश्न नाही.

शिकागोच्या मुलांनी वेगळ्या रस्त्याने हेच केलं. ३०३ चालली नाही म्हणून ती सेकंडहँड स्वस्तात मिळत होती. त्यांनी कॉर्ड टाकून दिल्या, एकच तुकडा फिरत ठेवला आणि फिल्टरची बटणं हाताने पिळत राहिले. त्यांच्याकडे बटणाचं फिरणं हीच सुरावट झाली. सिंग यांच्याकडे ३०३ मुख्यतः खालची भिंत आहे, गोष्ट सांगतो तो ज्युपिटर.

म्हणजे एकच मशीन, एकच मर्यादा, म्हणून आवाज सारखा. शिकागोने मुंबईचं ऐकलं नव्हतं, आणि मुंबईला शिकागोत पुढे काय होणार याची कल्पना असायचं कारण नव्हतं. ३०३ वापरणारे तेव्हा आणखीही होते. ऑरेंज ज्यूस या स्कॉटिश बँडचं १९८३ मध्ये हिट झालेलं 'रिप इट अप' त्याच डब्यावर आहे. 'शोध लावला' हा शब्द म्हणून मला जमत नाही. शोधापेक्षा नेमकं काम सिंग यांनी केलं: या मशीनला कुठलं संगीत मानवेल, हे त्यांनी आपल्या परंपरेतून ओळखलं.

यात काही गमावलं नाही का? गमावलं. कीबोर्डला बारा ठरावीक स्वर. तोडीचा कोमल गंधार जिथे लागायला हवा तिथे नेमका लागत नाही. याच तक्रारीवरून आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटी बंद ठेवली होती. सिंथेसायझरवर घसरत्या स्वरांनी मींडचा आभास येतो, पण आंदोलन येत नाही. ज्यांना शास्त्रीय संगीताची सवय आहे त्यांना हे खटकेल, आणि ते खटकणं योग्यच आहे.

आता दुसरा अर्धा भाग: रिलीज

अल्बम एचएमव्हीने काढला. इथे एक बारकावा बघा. एलपीच्या एका बाजूवर पंचवीसेक मिनिटं मावतात. एका बाजूला पाच राग, दुसऱ्या बाजूला पाच, प्रत्येक जवळपास पाच मिनिटांचा. जो राग मैफिलीत तासभर चालतो तो इथे पाच मिनिटांत, कारण तबकडी तेवढीच. रिलीजचं माध्यम संगीताचा आकार ठरवतं. तीस सेकंदांच्या रीलसाठी गाणी कापणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

रेकॉर्ड फार विकली गेली नाही. शास्त्रीयवाल्यांना ती डिस्को वाटणार, डिस्कोवाल्यांना त्यात शब्द नाहीत, हिरो नाही. दुकानात ठेवायची कुठे?

शिकागोत उलट घडलं. 'ॲसिड ट्रॅक्स' रेकॉर्डवर यायच्या आधी त्याची टेप म्युझिक बॉक्स नावाच्या क्लबमध्ये रॉन हार्डी हा डीजे वाजवत होता. असं सांगतात की पहिल्यांदा वाजवल्यावर लोक बाजूला झाले, पण त्याने त्याच रात्री ती पुन्हा पुन्हा लावली आणि शेवटी लोक वेडे झाले. नवीन आवाज कानाला एकदम पटत नाही. तो परत परत लावणारा माणूस आणि तो ऐकायला उभी राहणारी गर्दी लागते. तो ऐकून दुसऱ्या मुलांनी तसलेच ट्रॅक केले, आणि मग त्याला प्रकार म्हणून नाव मिळालं. मुंबईच्या रेकॉर्डला असा क्लब मिळाला नाही, म्हणून तिच्या मागे दुसरी रेकॉर्ड आली नाही.

आमच्या धंद्यात म्हणतात तसं: कोड माझ्या मशीनवर चालतो, हे अर्धंच काम. तो लोकांपर्यंत जाऊन वापरात येणं हे दुसरं अर्धं, आणि ते पहिल्याइतकंच अवघड.

आणि तरी ती वाचली

२००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात ही एलपी सापडली. त्याने पुढे मुंबईत सिंग यांना गाठलं आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवरून ती पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन तरुण गर्दीसमोर हे राग वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. म्हणजे श्रोते आले, पण २८ वर्षांनी, आणि हातात जेमतेम पाच वर्षं उरली असताना.

हे शक्य झालं कारण एक वस्तू शिल्लक होती. कव्हरवर नाव छापलेलं, कंपनीचं नाव छापलेलं. त्या धाग्यावरून माणूस सापडला.

तुमच्यापैकी बरेच जण फोनवर बीट बनवता, मला माहीत आहे. आज ८०८ चा आवाज फुकटच्या ॲपमध्ये मिळतो आणि अल्बम एका संध्याकाळी अपलोड होतो. पण काही वितरक सेवांमध्ये वार्षिक फी थांबली की गाणं ॲपवरून उतरतं. वीस वर्षांनी कोणी दुकानात धूळ झटकून ते काढेल, असं दुकानच नाही. म्हणून तीन साध्या गोष्टी. मूळ फाइल्स दोन ठिकाणी ठेवा. कोणी काय वाजवलं, कधी, कशावर, हे फाइलसोबत लिहून ठेवा. आणि दहा हजार अनोळखी व्ह्यूजच्या मागे लागण्याआधी तुमचा ट्रॅक चार वेळा लावेल असा एक माणूस शोधा, मग तो कॉलेजच्या गॅदरिंगचा डीजे का असेना.

पुढच्या भागात ड्रम मशीनमधला आवाज सर्किटमधून नेमका कसा तयार होतो ते उघडून बघू. तोपर्यंत आज रात्री मालकंस लावा, पाचच मिनिटांचा आहे. आणि ऐकून झाल्यावर लगेच परत एकदा लावा.