यंत्रांच्या घरातले सूर : लेखांक 5 – शिकागोचा ड्रमर आणि चार स्वर

गेल्या आठवड्यात आपण डिस्कोची पडझड पाहिली. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटकं लावून उडवल्या गेल्या आणि मोठ्या कंपन्यांनी हळूहळू त्या संगीतातून अंग काढून घेतलं. त्याच शहरातल्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये मात्र फ्रँकी नकल्स डिस्को वाजवतच राहिला. त्याच्यासमोर पहाटेपर्यंत नाचणारे बहुतेक तरुण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, त्यांतले कितीतरी समलिंगी. ‘हाउस’ संगीताला हे नाव याच क्लबवरून पडलं. आज त्या संगीताच्या शांत, अंतर्मुख फाट्याकडे वळू : डीप हाउस.

हा फाटा समजून घ्यायला एक माणूस पुरेसा आहे, लॅरी हर्ड. 1960 चा जन्म, गाव शिकागो, नोकरी अमेरिकी सरकारच्या सोशल सिक्युरिटी खात्यात. उरलेल्या वेळात तो बँडमध्ये ड्रम वाजवायचा. पण त्याला नुसते ठेके सुचत नव्हते, सूरही सुचत होते, आणि ड्रमरच्या सुरांना बँडमध्ये कोण विचारतो? शेवटी त्यानं बँड सोडला, सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेतलं आणि घरीच काम सुरू केलं. ‘मिस्टर फिंगर्स’ या नावानं त्यानं केलेली ‘कॅन यू फील इट’ ही रचना 1986 मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सनं काढली. वापरलेली यंत्रं म्हणजे रोलँडचा जुनो-60 आणि टीआर-909. बेसची एक गोल फिरणारी ओळ, वर लांब, तरंगते स्वर, खाली ठोका. इतकंच. तरी ती ऐकताना माणूस गप्प होतो, हा माझा दर वेळचा अनुभव आहे.

असं का होतं, याचं एक उत्तर घरातल्या पेटीवर सापडतं. सा, कोमल ग आणि प एकत्र दाबा. उदास वाटेल. आता सा सोडा आणि कोमल ग, प, कोमल नि दाबा. तोच हात, पण आवाज उजळतो, मोकळा होतो. आता चारही स्वर एकदम दाबा. पाश्चात्त्य संगीतात याला मायनर सेव्हन्थ म्हणतात. उदास आणि उजळ असे दोन्ही स्वरसमूह त्यात एकाच वेळी नांदतात, त्यामुळे कान कुठल्याच एका भावावर ठरत नाही. वरच्या सप्तकातला रे जोडला की ही संदिग्धता आणखी गडद होते. जॅझवाल्यांचा हा जुना ठेवा. डीप हाउस घडवणाऱ्यांनी तो उचलला आणि त्याला स्वतःचं वळण दिलं. असा चार-पाच स्वरांचा गुच्छ सँपलरमध्ये भरून ठेवायचा आणि एकाच पट्टीनं वाजवायचा. पट्टी बदलली की अख्खा गुच्छ जसाच्या तसा वर-खाली सरकतो. सुसंवादाच्या पुस्तकी नियमांत हे सरकणं बसत नाही, पण या संगीताची ओळखच त्यातून घडली.

दुसरी गोष्ट तालाची, आणि इथं हर्डचं ड्रमर असणं कामी येतं. या संगीताची लय मिनिटाला साधारण 120 ठोक्यांच्या आसपास, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला किक ड्रमचा एक ठोका. एका ठोक्याचे चार भाग केले तर प्रत्येक भाग 125 मिलिसेकंदांचा. यंत्रानं ते तंतोतंत वाजवले तर ऐकायला कोरडे लागतात. म्हणून दर दुसरा भाग किंचित मागं ओढतात. सँपलरवर स्विंगचा आकडा 50 वरून 54 केला, की ही ओढ होते फक्त 10 मिलिसेकंदांची! कानाला उशीर जाणवत नाही, पण अंग डोलू लागतं. 909 वरही यासाठी ‘शफल’ची सोय होती. यंत्रावरच्या संगीतात माणूस नसतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा तो आकडा फिरवून पाहावा. किती ओढायचं, हे शेवटी कुणाचा तरी कानच ठरवतो.

बाकीची कारागिरी भरपूर आहे. फिल्टर मिटून आवाज दबका ठेवायचा आणि मिनिटभरात सावकाश उघडायचा. किक पडताच बेस क्षणभर आपोआप खाली जाईल अशी योजना करायची, म्हणजे तळाशी दोघांची गर्दी होत नाही. सगळा रोख मोकळी जागा राखण्याकडे. हर्डच्या रचनेत ती जागा इतकी होती की पुढं इतरांनी तिच्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण ठेवलं, कुणी चक रॉबर्ट्सचं हाउस संगीतावरचं प्रवचनासारखं निवेदन ठेवलं, आणि दोन्ही तिनं सहज पेललं. माझी पसंती अर्थात मूळ, शब्दांविना असलेल्या रूपालाच.

या रचनांच्या हक्कांची कथा मात्र क्लेशकारक आहे. हर्ड आणि त्याचा गायक साथीदार रॉबर्ट ओवेन्स यांना 2020 मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सविरुद्ध न्यायालयात जावं लागलं. 2022 मध्ये तडजोड झाली आणि हक्क परत मिळाले, रचना बाजारात आल्यावर तब्बल साडेतीन दशकांनी. जगभरच्या क्लबांत जे संगीत रोज वाजत होतं, त्याच्या कर्त्यांना इतकं ताटकळावं लागलं, हे मला अजूनही पचत नाही.

आता डीप हाउसची हीच लय मिनिटाला 90 ठोक्यांपर्यंत उतरवली तर? दोन ठोक्यांतलं अंतर वाढतं आणि त्या अंतरात प्रतिध्वनी घोळवायला वाव मिळतो. जमैकातल्या डब संगीतकारांची, विशेषतः मिक्सिंगच्या मेजाचंच वाद्य करणाऱ्या किंग टबीची विद्या तिथं उपयोगी पडते. डाउनटेम्पोचा हा रस्ता व्हिएन्नाच्या क्रूडर आणि डॉर्फमायस्टर या जोडीनं कसा गाठला, त्यांच्या 1998 च्या ‘के अँड डी सेशन्स’मध्ये दुसऱ्यांची गाणी संथ होऊन कशी बदलली, ते पुढच्या लेखांकात. तोवर पेटीवरचे ते चार स्वर एकदा दाबून पाहाच.