अर्ध्या सेकंदाची किंमत

समजा तुम्ही दुकानातून एक पंखा आणला. रेग्युलेटरवर पाच आकडे आहेत, पण बटण चारच्या पुढे फिरतच नाही. कंपनीला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "पाच नंबरचा स्पीड पंख्यात आहेच. पैसे भरा, आम्ही इथूनच सुरू करून देतो." भराल का पैसे? आमच्या होस्टेलमध्ये तर पहिल्यांदा कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर शोधेल!

पंख्याचं हे उदाहरण माझ्या मनातलं आहे, पण महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हे खरोखर घडतंय. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत टेस्ला कंपनीने मॉडेल ३ च्या लाँग रेंज, ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीसाठी 'ॲक्सलरेशन बूस्ट' नावाची गोष्ट विकायला काढली. किंमत २००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १ लाख ४० हजार रुपये. गाडी गॅरेजमध्ये न्यायची नाही, एकही नट-बोल्ट बदलायचा नाही. मोबाईलवरून पैसे भरायचे, इंटरनेटवरून सॉफ्टवेअर गाडीत उतरतं आणि शून्यापासून ६० मैलांचा वेग (म्हणजे ताशी साडेशहाण्णव किलोमीटर) गाठायला जे ४.४ सेकंद लागायचे, ते ३.९ होतात. मिळालं काय? अर्धा सेकंद.

आता टेस्लाचं शोरूम मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै २०२५ मध्ये उघडलं. आमच्या मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो, त्यामुळे अशा गाड्या आज ना उद्या आपल्या शेताच्या कडेने सूं करून जाणारच. तेव्हा हा अर्धा सेकंद येतो कुठून, हे समजून घ्यायला हरकत नाही.

आधी थोडं गणित करू. (ॲक्सलरेशनला मराठीत त्वरण म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा शब्द मला डिक्शनरीत शोधावा लागला, म्हणून लेखात ॲक्सलरेशनच चालवून घ्या.) गाडीचं वजन साधारण १८५० किलो धरा. साडेशहाण्णवच्या वेगाला तिची कायनेटिक एनर्जी होते अंदाजे ६६४ किलोज्यूल. ती ४.४ सेकंदांत द्यायची तर सरासरी १५१ किलोवॉट लागतात आणि ३.९ सेकंदांत द्यायची तर १७०. म्हणजे अर्ध्या सेकंदासाठी १३ टक्के जास्त पॉवर. आणि गंमत पाहा, ६६४ किलोज्यूल म्हणजे विजेचं जेमतेम ०.१८ युनिट, दोनेक रुपयांची वीज. एनर्जी तेवढीच आहे, ती किती घाईत ओतायची एवढाच प्रश्न आहे.

पेट्रोल गाडीत ही घाई करायची तर मोठा टर्बो, जास्त इंधन, वेगळा एक्झॉस्ट, मजबूत क्लच असा सगळा लवाजमा लागतो. इलेक्ट्रिक गाडीत तसं नाही. सेकंड इयरला मशीन्सच्या लॅबमध्ये आपण जर्नलात लिहिलेलंच आहे की मोटरचा टॉर्क मुख्यतः करंटवर ठरतो. बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये इन्व्हर्टर बसलेला असतो. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन बॅटरीच्या डीसीचा मोटरला हवा तसा एसी करतो. ड्रायव्हरने पेडल दाबलं की कंप्युटर एका तक्त्यात बघतो. इतकं पेडल, इतका वेग, बॅटरीचं इतकं तापमान, तर इतका टॉर्क. या तक्त्यालाच टॉर्क मॅप म्हणतात. अपग्रेड म्हणजे या तक्त्यातले काही आकडे वाढवणे. बस्स, एवढंच!

पण "एवढंच" म्हणताना जरा जपून. हे आकडे कुठे वाढवायचे यातही कसब आहे. गाडी थांबलेली असताना मोटरमध्ये बॅक ईएमएफ नसतो, करंट भरपूर देता येतो. तिथे मर्यादा येते ती करंटची आणि टायरची. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरची पकड साधारण १ जीच्या आसपास संपते. आपल्या मॉडेल ३ चं सरासरी ॲक्सलरेशन बूस्टच्या आधी ०.६२ जी होतं आणि नंतर ०.७० होतं. सुटतानाचा धक्का सरासरीपेक्षा जास्तच असतो, म्हणजे तिथे फार जागा उरलेली नाही. वेग वाढला की बॅक ईएमएफ वाढत जाऊन बॅटरीच्या व्होल्टेजला भिडतो, मग टॉर्क कमी होत जातो आणि पॉवर जवळपास सपाट राहते. इथे मात्र वाढवायला वाव असतो. स्वीडनच्या पोलस्टार कंपनीने नेमकं हेच केलं. पोलस्टार २ साठी २०२१ च्या शेवटी युरोपात १००० युरोंचं अपग्रेड आलं. पॉवर ३०० किलोवॉटवरून ३५० झाली, पण टॉर्क ६६० न्यूटन-मीटरवरून फक्त ६८०. शून्य ते शंभरची वेळ ४.७ वरून ४.४ सेकंदांवर आली. खरा फायदा मधल्या वेगात होता, ८० ते १२० ला गाडी २.२ सेकंदांत जाते. मला विचाराल तर हे जास्त शहाणपणाचं. सिग्नलवरून उडी मारण्यापेक्षा ट्रकला ओव्हरटेक करताना कमी वेळ उजव्या लेनमध्ये राहणं केव्हाही बरं.

आता मुख्य मुद्दा. हे आकडे आधीपासूनच वाढवून का देत नाहीत?

याची कारणं दोन जातीची आहेत आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत असं माझं म्हणणं आहे. एक जात खरी, फिजिक्सची. करंट १३ टक्के वाढला तर आय-स्क्वेअर-आरच्या हिशोबाने उष्णता २८ टक्के जास्त वेगाने तयार होते. वेळ कमी लागतो म्हणून एका स्टार्टमागे एकूण उष्णता १३ टक्केच वाढते, हे खरं. पण कोणी दहा वेळा लागोपाठ स्टार्ट मारला, तोही मे महिन्यात अकोल्याच्या ४५ अंशात, तर ती उष्णता जायची कुठे? म्हणून बॅटरी तापली किंवा चार्ज उतरला की कंप्युटर स्वतःच पॉवर कापतो, मग तुम्ही अपग्रेडचे पैसे भरलेले असोत की नसोत.

या खऱ्या मर्यादेचं उदाहरण आपल्या चाकणमध्येच आहे. महिंद्राची बीई ६ (नोव्हेंबर २०२४ मध्ये ती दाखवली गेली) दोन बॅटऱ्यांत मिळते. ५९ किलोवॉट-अवरच्या बॅटरीबरोबर पॉवर १७० किलोवॉट, ७९ च्या बॅटरीबरोबर २१०. टॉर्क मात्र दोन्हीत ३८० न्यूटन-मीटर, तोच. भागाकार करून बघा. दोन्ही बॅटऱ्या फुल पॉवरने चालवल्या तर साधारण २१ ते २३ मिनिटांत रिकाम्या होतील. म्हणजे प्रत्येक सेलवर पडणारा ताण जवळपास सारखाच आहे. छोट्या बॅटरीच्या गाडीला तिचे सेलच कमी पडतात. इथे कोणी "सॉफ्टवेअरने २१० करून देतो" म्हणालं, तर तो सेलच्या आयुष्यातून उधारी काढतोय असं समजा.

दुसरी जात बाजाराची. मर्सिडीजने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत जाहीर केलं की ईक्यूई ३५० गाडीचं ॲक्सलरेशन वाढवून मिळेल, पॉवर २१५ किलोवॉटवरून २६०, वेळ ६.० सेकंदांवरून ५.१. किंमत १२०० डॉलर... दर वर्षी! म्हणजे घर विकत घेतलं, पण वरच्या मजल्याचं भाडं भरत राहा. जी मोटर २१ टक्के जास्त पॉवर सहन करते म्हणून कंपनी स्वतः विकते, ती पैसे न भरणाऱ्याच्या गाडीतही तीच असते. इथे अडवणारं फिजिक्स नाही, अडवणारी किंमतपत्रिका आहे.

यावर आमच्या मेसमध्ये जेवण झाल्यावर जोरदार वाद झाला. एक गट म्हणे, ही सरळ लूट आहे, वस्तू माझी, तिच्यातलं सगळं माझं. दुसरा गट म्हणे, टेस्टिंगचा खर्च, वॉरंटीत जळणाऱ्या मोटरी, हे कोण देणार? शिवाय ज्याला नको तो स्वस्तात गाडी घेतो, त्याचं काय वाईट? आमच्या एका मैत्रिणीने एथरचं उदाहरण दिलं. २०२३ मध्ये प्रो पॅकशिवायची ४५०एक्स स्वस्तात मिळायची, पण तिच्यात राइड मोड नसायचे. मला दोन्ही गटांचं थोडं थोडं पटलं. एकदाच पैसे घ्या, ती सोय गाडीबरोबर राहू द्या आणि गाडी विकली तर पुढच्याला मिळू द्या, तर तो व्यवहार झाला. दर वर्षीचं भाडं मात्र माझ्या गळी उतरत नाही.

वाद इथेच संपला असता, पण मला माझ्या मामांची स्कूटर आठवली.

मामा मंगरूळपीरला राहतात. त्यांच्याकडे लायसन्स न लागणारी, बिननंबरची छोटी इलेक्ट्रिक स्कूटर होती. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या गाडीची 'थर्टी मिनिट पॉवर' २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, तिला मोटार वाहन धरत नाहीत. एका मेकॅनिकने त्यांना सांगितलं, "मामाजी, हे एक वायर काहाडली का गाडी पयतेच!" आणि खरंच पळाली. कंट्रोलरमधली स्पीड लिमिटची वायर काढली की स्कूटर ४५ ला जाऊ लागली. फुकटात ॲक्सलरेशन अपग्रेड! मामा खूश. दीड महिन्याने भर उन्हात शेलूबाजारला लग्नाला जाताना ती रस्त्यातच बंद पडली आणि जळका वास आला. कंट्रोलर गेला होता, मोटरचं वाइंडिंगही काळं पडलं होतं.

तेव्हा मला वाटलं होतं, माल हलका. आता कळतं की मामांच्या वायरीत आणि टेस्लाच्या बूस्टमध्ये फरक कुठे आहे. प्रत्येक मोटरला दोन पॉवर असतात. एक पीक, जी काही सेकंद झेपते. दुसरी ती, जी ती अर्धा तास सलग देऊ शकते. ही मोजायची पद्धत आपल्याकडे एआयएस-०४१ या स्टँडर्डमध्ये दिलेली आहे. बूस्टचा सगळा खेळ चार सेकंदांचा, पीकच्या प्रदेशातला. नंतर मोटर आराम करते आणि कूलंट उष्णता घेऊन जातं. मामा मात्र सलग अर्धा-पाऊण तास ४५ ने जात होते. हवेचा अडथळा तोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. २५ वरून ४५ म्हणजे वेग १.८ पट, पण हवेसाठी लागणारी पॉवर जवळपास ६ पट! त्यात मोटरला कूलंट नाही, तापमान बघणारा आणि वेळेवर हात आखडता घेणारा कंप्युटर नाही. वायर काढताना मेकॅनिकने एक मर्यादा काढली खरी, पण त्या मर्यादेवर आणखी कोण कोण विसंबून होतं ते त्याने पाहिलं नाही.

आणि असे मामा एकटे नव्हते. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने असे बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध तपासणीची मोहीमच काढली होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ माहितीशी न जुळणारा बदल करायला मनाई करतं. शिवाय २५ ची मर्यादा ओलांडली की ती गाडी 'मोटार वाहन' होते, म्हणजे नंबर, लायसन्स, इन्शुरन्स सगळंच लागतं. अपघात झाला असता तर मामांकडे यातलं काहीच नव्हतं, हे आम्हाला कंट्रोलर जळल्यावर सुचलं.

श्रीमंतांच्या देशातही वायर काढणारे आहेतच बरं का! कॅनडातल्या इनजेनेक्स्ट कंपनीने २०२० मध्ये टेस्लाच्या बूस्टला पर्याय म्हणून एक छोटं उपकरण आणलं, किंमत जवळपास निम्मी. ऑगस्टमध्ये टेस्लाने सॉफ्टवेअर बदललं आणि ज्यांनी ते बसवलं होतं त्यांच्या स्क्रीनवर इशारा झळकला की गाडीत न जुळणारा बदल सापडला आहे. वस्तू माझी म्हणणाऱ्या आमच्या पहिल्या गटाने यावर जरूर विचार करावा. गाडी पार्किंगमध्ये उभी आहे, पण तिच्यात काय चालावं हे रात्रीतून दुसरंच कोणी ठरवतं.

कागदपत्रांच्या बाबतीत फोक्सवॅगनची पद्धत मला बरी वाटली. ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये त्यांनी आयडी.३ गाडीची पॉवर २०१ वरून २२८ हॉर्सपॉवर करायची सोय दिली, महिन्याला साडेसोळा पौंड किंवा कायमचे ६४९ पौंड. गाडीची नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासून २२८ चीच असते, त्यामुळे इन्शुरन्सचा घोळ नाही, आणि कायमचे पैसे भरले तर सोय गाडीला चिकटते, मालकाला नाही. अर्थात दुसऱ्या बाजूने पाहिलं तर नोंदणी २२८ ची आणि मिळतात २०१, हेही आहेच.

एक गोष्ट मात्र यांपैकी कोणतंच सॉफ्टवेअर विकत नाही, ती म्हणजे ब्रेक. गाडी ९६ चा वेग अर्धा सेकंद आधी गाठते, पण थांबायला लागणारं अंतर तेच राहतं, कारण टायर तेच आणि डिस्कही त्याच. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. शेलूबाजारला चढल्यावर बूस्टवाली गाडी तिथपर्यंत लवकर पोचेल आणि मग सगळ्यांबरोबर १२० नेच जाईल, निदान जायला तरी हवी.

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांची स्कूटर आता नव्या कंट्रोलरवर, वायर जागेवर ठेवून, २५ ने चालते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर्ध्या सेकंदाचे एक लाख चाळीस हजार? बाई, मंग तो अर्धा सेकंद वाचवून तो मानूस करते काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर संपादकांकडे लिहून द्या.