‘इंटरनॅशनल लायसन काढा अन् हेलिकॉप्टर उडवा’: हे कुणी सांगितलं?

अंबाजोगाईत निवडणुकीची मोठी सभा असली की मैदानात टँकरने पाणी मारतात, चुन्याच्या गोलात ‘एच’ काढतात, अग्निशमनची गाडी येऊन उभी राहते. हेलिकॉप्टर दिसायच्या आत बांबूच्या कठड्याला निम्मं गाव टेकलेलं असतं. आणि त्या गर्दीत एक जाणकार हमखास असतो. “आपल्याकडेच ही नाटकं. फॉरेनला तासावर भाड्यानं मिळतं, स्वतः चालवायचं. फक्त इंटरनॅशनल लायसन पाहिजे.”

हे वाक्य सभेत ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, मुलगा अमेरिकेत असलेल्या शहाण्यासुरत्या माणसांकडूनही ऐकलं. आता मात्र अति झालं. परवानाधारकाला हेलिकॉप्टर भाड्याने मिळतं, एवढा भाग खरा आहे. ‘इंटरनॅशनल पायलट लायसन’ नावाची वस्तू मात्र जगात कुठेच मिळत नाही.

या गैरसमजाचं मूळ आपल्या अंबाजोगाईच्या, एमएच-४४ च्या आरटीओत आहे. तिथे चालू लायसन, पासपोर्ट आणि फॉर्म ४-अ दिला, फी भरली की वर्षभराचं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट हातात पडतं. ते १९४९ च्या जिनिव्हा करारामुळे बऱ्याच देशांत चालतं. मग लोक गृहीत धरतात की मोटारीला आहे तसं हेलिकॉप्टरलाही असणारच.

नाही. आकाशाचा करार वेगळा आहे. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत झालेल्या त्या करारावर भारताचीही सही आहे. त्याचं ३२ वं कलम सांगतं की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाचा परवाना विमानाची नोंदणी ज्या देशात आहे त्या देशाने दिलेला असावा, नाहीतर त्या देशाने तो वैध ठरवलेला असावा. देशोदेशीचे आपापले कायदेही साधारण याच तत्त्वावर चालतात. पुढच्या वेळी कठड्याशी उभे राहाल तेव्हा हेलिकॉप्टरच्या अंगावरची अक्षरं वाचा. सुरुवात ‘व्हीटी’ने होते, म्हणजे नोंदणी भारतातली. अमेरिकेतल्या यंत्रावर ‘एन’ असतो, न्यूझीलंडच्या यंत्रावर ‘झेडके’. भारताच्या विमान प्राधिकरणाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना तुम्हाला व्हीटीवाल्या यंत्राचा अधिकार देतो. अमेरिकेत ‘एन’ दिसला की तिथल्या विमान प्राधिकरणाची, एफएएची, परवानगी लागणारच.

ती मिळते का? मिळते. पण विमानतळावर उतरून काउंटरवर नाही. आधी एफएएकडे अर्ज करायचा. मग एफएए डीजीसीएकडून तुमचा परवाना खरा असल्याची खात्री करून घेते आणि पत्र देते. त्या पत्राची मुदत सहा महिने. ते घेऊन तिथल्या कार्यालयात स्वतः हजर व्हायचं, इंग्रजी बोलता-वाचता येतं हे दाखवायचं. तेव्हा भारतीय परवान्याच्या आधारावर खासगी उड्डाणाचा परवाना मिळतो. त्याचा जीव भारतीय परवान्यात असतो. इथला बाद झाला की तिथलाही झोपला. शिवाय त्यावर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, आणि कप्तान म्हणून उडण्याआधी तिथल्या प्रशिक्षकाबरोबर ‘फ्लाइट रिव्ह्यू’ द्यावा लागतो.

आणि एवढं झालं तरी किल्ली मिळेलच असं नाही. उड्डाण शाळांमध्ये भाड्याला बहुधा रॉबिन्सन आर-२२ किंवा आर-४४ असतं. आर-२२ दोन आसनांचं, प्रवाशासकट जास्तीत जास्त ६२१ किलो वजनाचं. त्याचे पंखे हलके. इंजिन बंद पडलं तर वैमानिकाने डाव्या हाताचा कलेक्टिव्ह दांडा तत्काळ खाली घ्यावा लागतो, नाहीतर पंख्याची गती इतकी उतरते की पुन्हा सावरत नाही. या जातीच्या हेलिकॉप्टरांसाठी अमेरिकेत खास नियम आहे. आर-२२ एकट्याने चालवायचं तर हेलिकॉप्टरचे २०० तास हवेत, त्यातले किमान ५० आर-२२ वरचे. तेवढे नसतील तर प्रशिक्षकासोबत १० तास आणि त्याची लेखी शिफारस. वर विम्याच्या अटी आणि मालकाची स्वतःची चाचणी. गोव्यात स्कूटी घेतल्यासारखं हे काम नाही, हो!

युरोपात नियम निराळे, पण परक्या परवान्यावर आधी त्यांच्या विमान प्राधिकरणाची मोहर लागतेच. स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांसाठी एक जादा माहिती: ‘हेलिकॉप्टर काय, कुठेही टेकवता येतं’ हे तिथे विसरा. १,१०० मीटरच्या वर पर्यटनासाठी उतरायचं तर सरकारने ठरवून दिलेल्या जागीच. सिनेमात बर्फावर उतरतात, ते सिनेमात.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो. विमानाचा परवाना हेलिकॉप्टरला चालत नाही. दोन्ही प्रकार वेगळे, प्रशिक्षण वेगळं. फवारणीच्या ड्रोनचं सर्टिफिकेट तर त्याहून नाही (हेही विचारलं गेलंय). इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं, हेही खोटं. खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरता ठेवून उतरता येतं. त्याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि प्रत्येक वैमानिकाकडून ते घोटून घेतात. ‘पंधरा दिवसांच्या सुट्टीत तिथेच शिकून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं: अमेरिकेत खासगी परवान्यासाठी साधारणपणे किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, आणि परवान्याचं शिक्षण टुरिस्ट व्हिसावर घेता येत नाही. परदेशी विद्यार्थ्याला सुरक्षा तपासणीतूनही जावं लागतं.

मग नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले ते फोटो? ‘आज मी हेलिकॉप्टर चालवलं’वाले? बहुतेक ते परिचय-उड्डाणाचे असतात. आर-२२ मध्ये दोघांच्या मधोमध ‘टी’ आकाराचा एकच दांडा असतो, त्याला दोन बाजूंना मुठी. तुमच्या हातात एक, प्रशिक्षकाच्या हातात दुसरी. कायद्याने कप्तान तोच. तुम्ही पैसे भरून आलेले पाहुणे. यात कमीपणा काहीच नाही. यंत्र जमिनीवरून हातभर उंच, एका जागी स्थिर धरणं किती अवघड असतं ते त्या अर्ध्या तासात पुरतं कळतं.

तेव्हा परवाना नसेल तर असं परिचय-उड्डाण घ्या. त्याला कुठल्याही देशाचं लायसन लागत नाही. परवाना असेल तर हॉटेल बुक करण्याआधी, दोन-तीन महिने हाताशी ठेवून, त्या देशाच्या विमान प्राधिकरणाकडे अर्ज करा. आणि कुणी ‘इंटरनॅशनल पायलट लायसन काढून देतो’ म्हणत पैसे मागितले, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.