नाल्याचे पाणी आणि आम्ल-अल्क पाठ

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीस मिळते. अंबरनाथ, आनंदनगर, बदलापूर या बाजूस औद्योगिक क्षेत्रे उभी राहिल्यापासून येथील मुलांस सांडपाण्याचा वास ओळखीचा झाला आहे. त्यामागील रसायनशास्त्र मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते. २०१४ सालच्या अखेरीस उल्हासनगर येथे वालधुनीच्या पात्रात रसायन सोडले गेल्याने विषारी वायू पसरला व शेकडो रहिवाशांस मळमळ, श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात जावे लागले. पात्रात ओतला द्रव, मग वायू आला कोठून, असा प्रश्न मुले विचारतील. आम्ल व अल्क यांचा पाठ येथूनच सुरू करावा.

एका पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन त्यावर लिंबू पिळावे. लगेच फसफसून बुडबुडे येतात. हा कर्बद्विप्राणिद वायू होय. लिंबू एकटे किंवा सोडा एकटा असता हा वायू निघत नाही. दोहोंच्या संयोगाने तो मुक्त होतो. नाल्यातही तसेच घडू शकते. एका नळातून आम्ल आले आणि दुसऱ्यातून गंधकयुक्त सल्फाईडचे पाणी आले (कातडी कमावताना केस काढण्यासाठी सोडियम सल्फाईड वापरतात), तर त्यांच्या मिश्रणातून हायड्रोजन सल्फाईड वायू निघतो. त्यास सडक्या अंड्याचा वास असतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी, पुलाखाली, गटारात साचून राहतो. त्याहून घातक गोष्ट अशी की त्याचे प्रमाण वाढले म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणून वायू गेला, असे समजून पात्रात उतरणे प्राणावर बेतू शकते. हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतले तरी चालेल.

आम्ल व अल्क ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. साबण अल्कधर्मी आहे म्हणून असे होते. हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवावा. त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकताच तो तांबूस होईल आणि लिंबाने पुन्हा पिवळा होईल. परंतु मुळातल्या पिवळ्या कागदावर लिंबू टाकले तर काहीच दिसत नाही. म्हणजे हळद अल्क सांगते, आम्ल सांगत नाही. त्यासाठी लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुसकरून गाळावे. ते पाणी आम्लात गडद गुलाबी व अल्कात हिरवट होते. शेतकरी मातीचा ‘सामू’ पाहतात तोही हाच विचार, फक्त आकड्यांत मांडलेला. १९०९ साली डेन्मार्कचे सोरेनसन यांनी हे माप योजले. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. आणि प्रत्येक पायरीला दहापटींचा फरक.

येथे एक गैरसमज टाळावा. आम्लात अल्क मिसळले की क्षार व पाणी तयार होते. आम्लाचा दाह जातो, पण क्षार पाण्यातच राहतो. मिठाचे पाणी उदासीन असते, तरी ते तहान भागवत नाही. तेव्हा जास्वंदीचा रंग पालटला नाही म्हणून विहिरीचे पाणी पिण्यायोग्य ठरत नाही. त्यासाठी नमुना पाणी-तपासणी प्रयोगशाळेकडेच पाठवावा लागतो.

प्रयोगास घरातील पदार्थ पुरेत. नाल्याचे पाणी वर्गात आणवू नये, मुलांना ते भरावयास पाठवू नये. शाळेत शौचालयासाठी आणलेले ॲसिड व पाण्यात टाकावयाची विरंजक भुकटी यांकडेही शिक्षकाने लक्ष द्यावे. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. त्यांचे डबे निरनिराळ्या जागी, कुलुपात, नावाची चिठ्ठी लावून ठेवावेत व स्वच्छता करणाऱ्यास त्याचे कारण समजावून सांगावे.