सातारा-सांगली : वाटेवरचा एक दिवस

पाठीवर एक सॅक, तींत दोन जोड कपडे, हातांत फोन आणि खिशांत तिकीट, एवढ्या सामानानिशीं देश पाहावयास निघणारे मुलगे आणि मुली आतां आपल्या घरांतूनही दिसूं लागल्या आहेत. मुक्कामाचें ठिकाण आधीं ठरविलेलें नाहीं, वाटेंत ओळखीचें घर नाहीं, जेवणाची निश्चित वेळ नाहीं. वडील माणसांस हा प्रकार प्रथमतः जरा विपरीत वाटतो यांत नवल नाहीं. परंतु याच पद्धतीनें, विमान बदलतांना पदरांत पडलेल्या एका दिवसांत, हीं मुलें सिंगापूर किंवा बँकॉक पाहून येतात. शहरी रेल्वेनें गांव पालथें घालतात, बाजारांत उभ्यानें जेवतात, आणि घरीं परतल्यावर महिनाभर त्या शहराविषयीं बोलत राहतात. पुण्याहून गोव्याकडे अथवा हंपीकडे जातांना मात्र सातारा आणि सांगली हीं दोन्ही शहरें त्यांच्या झोपेंत मागें पडतात. परक्या शहरास जो एक दिवस आपण हौसेनें देतों, तो या दोन शहरांस दिला तर काय हातीं लागतें, हें येथें सांगावयाचें आहे.

साताऱ्यास अर्धा दिवस पुरे. येथें रेल्वेपेक्षां एस. टी. नें येणें सोयीचें, कारण स्टेशन गांवाबाहेर माहुलीच्या बाजूस आहे. ऊन चढण्यापूर्वीं अजिंक्यतारा चढावा. १७०८ सालीं शाहूमहाराजांचा राज्याभिषेक झाला तो या किल्ल्यावर. पायथ्याशीं शहर कसें पसरत गेलें तें वरून एका दृष्टिक्षेपांत ध्यानांत येतें. कासच्या पठाराची कीर्ति, २०१२ सालीं पश्चिम घाटाचा जागतिक वारशांत समावेश झाल्यापासून, फारच वाढली आहे. पण फुलांचा बहर भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास थोडेच आठवडे टिकतो, आणि त्यांतील रविवारीं फुलांपेक्षां मोटारीच अधिक दिसतात. एका दिवसाच्या पाहुण्यानें त्या नादीं लागूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्याऐवजीं कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या समाधीकडे जावें. रयत शिक्षण संस्था त्यांनीं १९१९ सालीं काले येथें काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यांत वसतिगृह उघडलें. निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस बसून जेवत. त्या मुलांच्या अन्नासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धां ठेविलें नाहीं. आपल्या घरांत सोंवळें-ओंवळें कडक पाळलें जात होतें त्याच काळांत, त्याच गांवांत, हें चाललें होतें. आपल्या नातवंडांस ही गोष्ट ठाऊक असावी, आणि ती पुस्तकांतून कळण्यापेक्षां त्या जागीं उभें राहून कळावी, असें आम्हांस वाटतें.

दुपारीं कंदी पेढे सॅकमध्यें टाकून माहुलीच्या संगमावर घटकाभर बसावें. येथें वेण्णा कृष्णेस मिळते, आणि संध्याकाळीं सांगलीच्या घाटावर जी नदी भेटावयाची ती हीच. स्टेशन जवळच आहे. गाडीनें गेल्यास वाटेंत किर्लोस्करवाडी लागते. १९१० सालीं माळरानावर उभारलेली ही कारखान्याची वसाहत गाडीच्या खिडकींतून जेवढी दिसेल तेवढी पाहून घ्यावी.

सांगलीविषयीं मात्र अंमळ सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण या शहराची उपेक्षा बाहेरच्यांपेक्षां सांगलीकरच अधिक करतात. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या येथें पुतण्याचा एक मित्र एका रात्रीपुरता उतरला. माजघरांत त्याची गादी घातली, आणि सकाळीं चहाच्या वेळीं त्यानें विचारलें कीं, येथें पाहण्यासारखें काय आहे? वहिनींनीं गणपतीचें देऊळ सांगितलें. तें योग्यच होतें. पण पुढें कोणास कांहीं सुचेना. एकानें तर सरळ कोल्हापूरची एस. टी. किती वाजतां आहे तें सांगितलें! शेवटीं पाहुण्यानेंच विचारलें, "काकू, तुमच्या फोडणींतली हळद कोठून येते?" त्या एका प्रश्नानें त्याचा दिवस मार्गीं लागला.

सांगली हें शहर तसें अर्वाचीन. १८०१ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून विभक्त झाले आणि त्यांनीं येथें राजधानी केली. परंतु आज शहराचा जीव राजवाड्यांत नसून मार्केट यार्डांत आहे. फाल्गुन-चैत्रांत नव्या हळदीचे सौदे चालतात तेव्हां तेथील हवा, हमालांचे सदरे आणि रस्त्याची धूळ, सारें पिवळें होऊन जातें. तासगांवकडचे बेदाणेही येथें विकावयास येतात. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें. आमच्या पाहुण्यानें आडत्याच्या दुकानाशीं उभें राहून हळकुंड मोडून कसें पाहतात, आंतला रंग कसा जोखतात, तें तासभर पाहिलें. कोणीं त्यास हटकलें नाहीं. उलट चहा पाजला.

जवळच हरिपूर आहे. तेथें हळद सांठविण्याचीं पेवें होतीं. तोंड अरुंद, पोट मोठें, असा जमिनींत खोदलेला खड्डा. हळद भरून तोंड बंद केलें कीं आंत हवा नाहीं, कीड नाहीं, आणि माल वर्षानुवर्षें टिकावयाचा. तेथील मातीच्या गुणावर हा सारा व्यवहार चाले. २००५ च्या महापुरांत पाणी पेवांत शिरलें आणि पुष्कळ पेवें निकामी झालीं. याच हरिपुरांत गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. त्यांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें आणि पैशासाठीं म्हाताऱ्यास मुलगी देणाऱ्या बापांस घरोघर तोंड लपविण्याची पाळी आली. कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळाशीं बसून हें आठवावें. मराठी नाटकाचा प्रारंभही येथलाच: १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं आप्पासाहेबांच्या आश्रयानें 'सीता स्वयंवर' सांगलींत करून दाखविलें. ५ नोव्हेंबर हा रंगभूमि दिन त्याचाच.

सायंकाळीं आयर्विन पुलावर जावें. १९२९ सालचा हा पूल नुसता जाण्यायेण्याचा नाहीं. पावसाळ्यांत सारी सांगली त्याच्याकडे डोळे लावून बसते. पाण्यानें ४५ फूट गांठले कीं धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांवर गेलें. बाजारपेठ बुडाली, घरांत पुरुषभर पाणी आलें, आणि पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें बचावाची नाव उलटून माणसें दगावलीं. त्या आठवड्यांत ज्यांच्या घराचा वरचा मजला कोरडा राहिला त्यांनीं शेजारच्यांस वर घेतलें. जात, भाषा, जुनें भांडण कोणीं विचारलें नाहीं. पुलाच्या कठड्याशीं उभ्या असलेल्या कोणाही वृद्धास विचारावें. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें होतें तें तो हातानें दाखवील. अशा शहरास पाहण्यासारखें कांहीं नाहीं, असें आपणच म्हणावें, हें आम्हांस फार लागतें.

रात्रीची गाडी मिरजेहून असेल तर दोन-तीन तास आधींच निघावें. सांगलीपासून मिरज अवघी दहा किलोमीटर, आणि १९९८ पासून महापालिकाही एकच. तेथील दर्ग्याच्या परिसरांत सतार-तंबोऱ्यांचे कारखाने आहेत. हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं राजांचीं युद्धें सरल्यावर हा धंदा धरला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. ते वाळवून कापावयाचे, त्यांस लांकडी दांडी जोडावयाची, आणि सर्वांत शेवटीं घोडी घासून जवारी काढावयाची. हें काम यंत्रानें होत नाहीं. कारागीर एकदां घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हां घासतो. पाहणाऱ्यास एका स्वरांतला फरक दहाव्या खेपेस कोठें कळूं लागतो. २०२४ सालीं या सतारीस आणि तंबोऱ्यासही मानांकन मिळालें आहे. १९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खाँ यांची कबर दर्ग्याच्या आवारांतच आहे.

मिरज जंक्शनावरून गोव्याकडे, हुबळीकडे आणि पंढरपुराकडे गाड्या फुटतात. २०१६ च्या एप्रिलांत कृष्णेचें पाणी भरलेली गाडी दुष्काळी लातुरास गेली ती येथूनच. उतारूनें आपली बाटली भरून घ्यावी, आणि सांगलींतून निघतांना भडंगाची पुडी बरोबर घेतली नसेल तर ती स्टेशनाबाहेर घ्यावी. रात्रीच्या प्रवासांत सांडत नाहीं, नासत नाहीं, आणि समोरच्या बाकावरील माणसासही देतां येतें.